गंगाखेडची जनी आणि 'मी कोण?' हा प्रश्न

आत्मज्ञान, आत्मसाक्षात्कार, स्वरूपाची ओळख... हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की ते ओळखीचे वाटतात, पण कुणी अर्थ विचारला की जीभ अडखळते. सकाळी टीव्ही लावला की कुणीतरी उंच आसनावर बसून "स्वतःला ओळखा" असं सांगत असतं. ऐकणारा मान डोलावतो आणि चहाची वाट बघतो. चहा ठेवणारी मात्र आधीच उठून आत गेलेली असते. तिला ते ऐकायला सवडच नसते!

माझा आजचा विषय ती आत गेलेली बाई आहे. तिला आत्मज्ञान होऊ शकतं का? आणि झालं, तर ते कसं दिसतं?

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. वेदान्त हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. त्यामुळे असा प्रश्न आला की मला आधी माणूस शोधावा लागतो. कोण, कुठला, कुठल्या काळातला, पोटासाठी काय करायचा, हे कळलं की मग त्याचं तत्त्वज्ञान थोडंफार समजतं. आणि या प्रश्नासाठी आपल्या परभणीकरांना फार लांब जावंच लागत नाही. १९९९ साली १ मे रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचा आपला जुना जिल्हा डोळ्यांपुढे आणा. नामदेवांच्या घराण्याचं मूळ गाव नरसी या जिल्ह्यातलं. नामदेवांना गुरू भेटले ते विसोबा खेचर औंढा नागनाथचे, तेही इथलंच. आणि परभणीपासून साधारण ४० किलोमीटरवर गोदावरीच्या काठी गंगाखेड. (आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) ते जनाबाईचं गाव. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे निघते तेव्हा परभणी, गंगाखेड करूनच परळीच्या वाटेला लागते. म्हणजे एका जिल्ह्यात गुरू, शिष्य आणि शिष्याच्या घरची मोलकरीण असे तिघे. यातल्या तिसरीचा विचार आज करायचा आहे.

परंपरेने जी माहिती सांभाळली आहे ती थोडक्यात अशी. गंगाखेडला दमा आणि करुंड या गरीब जोडप्याच्या पोटी जनी जन्मली. लहानपणीच आई गेली. बापाने तिला पंढरपुरात दामाशेटी शिंप्यांच्या घरी आणून ठेवलं. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, आणि जनीने लहानग्या नामदेवाला खेळवलं असं सांगतात, म्हणजे ती त्यांच्याहून वयाने मोठी. देवगिरीला यादवांचं राज्य होतं तो हा काळ. १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढे वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. शाळेच्या पुस्तकात आपण हे सगळं शिकवतो. पण राज्य कुणाचंही असो, पंढरपुरातल्या त्या घरात पहाटे जातं फिरतच होतं, आणि ते फिरवणाऱ्या बाईच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत.

इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. जनाबाईच्या हयातीतलं हस्तलिखित आपल्याकडे नाही. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने, कीर्तनकारांच्या तोंडून आणि वारकऱ्यांच्या वह्यांतून आपल्यापर्यंत पोचले. तिच्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी महिपतींच्या 'भक्तविजय' ग्रंथात येतात, आणि तो १७६२चा, म्हणजे चारशे वर्षांनंतरचा. कबीर तिला भेटायला आला आणि त्याने तिच्या गोवऱ्या कानाला लावून ऐकल्या, तर त्यांतून विठ्ठलनाम येत होतं, ही गोष्ट तर कालगणनेत बसतच नाही, कारण कबीर पंधराव्या शतकातला. मग या गोष्टी टाकून द्यायच्या का? मला तसं वाटत नाही. गोष्ट घडली नसेलही, पण ती सांगणाऱ्या माणसांना काय महत्त्वाचं वाटलं हे तिच्यातून कळतं. काशीच्या एवढ्या मोठ्या संताला त्यांनी जनीच्या दारात आणलं आणि त्याला पोथी न दाखवता शेणाची गोवरी दाखवली. त्यांना त्यातून काहीतरी सांगायचं होतं.

आता तिच्या कामाकडे या. नामदेवांच्या घरातली माणसं परंपरेत नावानिशी सांगितली आहेत. आई-वडील, बहीण, पत्नी राजाई, चार मुलगे, चार सुना, एक मुलगी आणि जनी. नामदेवांसह पंधरा माणसं झाली. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तरी रोजचं सात-साडेसात किलोचं दळण. जातं ज्यांनी ओढलं आहे त्यांना हा आकडा लगेच कळेल. ज्यांनी ओढलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दगडाच्या दोन तळ्या, एकीवर एक. वरच्या तळीला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालायची. वैरण जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगडाला दगड घासतो. जात्याला टाकी लावून बरेच दिवस झाले असतील तर तेवढंच पीठ पडायला दुप्पट जोर लागतो. एकटीने पंधरा माणसांचं दळायचं म्हणजे दोन-अडीच तास सहज जातात, आणि तेही उजाडायच्या आत. त्यानंतर झाडलोट, पाणी, शेण, धुणं, कांडण आहेच.

पण जातं मुळात दोघींचं असतं. समोरासमोर बसायचं, दोघींनी एकच खुंटा धरायचा. एकीने ओढलं की दुसरीने सोडायचं नाही, पुढे न्यायचं. मग तेच जातं हलकं होतं आणि ओवी आपोआप येते. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लहानपणी मी आत्यासमोर बसून खुंट्याला हात लावायचे. आत्या कमी वयात विधवा होऊन भावाच्या घरी, म्हणजे आमच्या घरी आली होती. गावात गिरणी यायच्या आधीचे दिवस. घरचं दळण तिच्याकडे, आणि सणासुदीला शेजारपाजारचंही. कधी ती पाठ धरून बसली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणायचं, "जनाबाईकडे बघ. केली का तिनं कधी तक्रार? दळता दळता देव भेटला तिला." आत्या गप्प बसायची. एकदा मात्र ती म्हणाली, "तिच्यासमोर देव बसला होता खुंटा धरून. माझ्यासमोर ही एवढीशी पोर. जनाबाईचं सांगणाऱ्यानं आधी खुंट्याला हात लावावा."

आत्या शाळेत गेलेली नव्हती. पण नंतर बी.ए.ला संतसाहित्य अभ्यासताना मी जे काही वाचलं, त्यातलं कुठलंही वाक्य माझ्या या एका वाक्याइतकं कामी आलं नाही. कारण जनाबाईच्या गोष्टींचा कणा तिने बरोबर पकडला होता. त्या गोष्टींतला विठ्ठल जनीला उपदेश करत नाही. 'तुझं कर्म समजून सोस' असं सांगत नाही. तो केर भरतो, पाणी आणतो, शेणी वेचतो, तिचं डोकं विंचरतो, जात्याशी बसतो. देव कामाला येतो, एवढंच त्या गोष्टींत घडतं. आणि आपण शतकानुशतके तीच गोष्ट कामाला न येण्यासाठी वापरली!

आता 'मी कोण?' या प्रश्नाकडे येऊ. वारकरी परंपरेतलं आत्मज्ञान म्हणजे नवीन काही मिळवणं नसतं. देहाला, नात्याला, पदाला, जातीला 'मी' म्हणायची जी सवय लागलेली असते, ती सुटणं म्हणजे आत्मज्ञान. हे बोलायला सोपं आहे. निवृत्त झाल्यावर पहिल्या जूनमध्ये हे मला चांगलंच जाणवलं. शाळा सुरू झाली, आणि मस्टरवर माझी सही नव्हती. इतकी वर्षं 'मॅडम' या हाकेला ओ देणारी जी कुणी होती, ती गेली कुठे? आणि ती गेली तरी हा प्रश्न विचारणारी कोण उरली? फार मोठा अनुभव नव्हे हा. निवृत्त झालेल्या प्रत्येकाला थोडाफार येतो. पण पदाला आपण किती घट्ट धरलेलं असतं ते त्यातून कळतं.

नामदेवांची परीक्षा याच जागी झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गोरोबा काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेका संताच्या डोक्यावर वाजवून पाहिलं. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र रागावले, आणि 'हे मडकं कच्चं' असा निकाल लागला. पुढे नामदेव औंढ्याला विसोबांकडे गेले. ते पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटलं तर म्हणाले, जिथे देव नाही अशी जागा दाखव, तिथे ठेवतो. पाय ठेवायला जागा सापडेना, आणि नामदेवांना जे कळायचं ते कळलं. देव मूर्तीपुरता नाही, आणि आपण 'देवाचे लाडके' म्हणून कुणी खास नाही. हे पक्कं झालेलं मडकं पुढे पार पंजाबात घुमाणपर्यंत गेलं. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत.

या कथेत नामदेवांना काय सोडावं लागलं? मोठेपण. आता जनीचा विचार करा. तिच्याकडे सोडायला होतं काय? तेरच्या त्या कथेत तिच्या डोक्यावर थापटणं वाजवल्याचा उल्लेख नाही. ज्याला 'मी कोणीतरी आहे' असं वाटतं, त्याला 'तू कोणी नाहीस' हे कळावं लागतं. पण जिला जन्मापासून 'तू कोणी नाहीस' हेच सांगितलं गेलं आहे, तिचं काय? तिला पुन्हा 'अहंकार सोड' म्हणून सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व पटवणं. तिचा रस्ता उलट्या बाजूने येतो. तिला आधी उभं राहावं लागतं.

आणि जनी उभी राहिली. तिचे अभंग वाचा, म्हणजे दिसेल. आपली ओळख ती नामदेवांची दासी अशीच देते. तो शब्द तिने टाकला नाही. पण त्या शब्दाच्या आत ती मावत नाही. विठ्ठलाशी ती इतक्या मोकळेपणाने भांडते, त्याला असे खरमरीत शब्द सुनावते, की घरच्या मालकाशी तसं बोलायची कुणा दासीची छाती होणार नाही. एका अभंगात ती डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ देऊन टाळ-वीणा घेऊन भर बाजारात निघते, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. दुसरीकडे ती सांगते की बाईचा जन्म मिळाला म्हणून खंत करायचं कारण नाही. काही अभंगांत योग्यांच्या अनुभवातले रंग आणि प्रकाश येतात. हे तिला पोथी वाचून मिळालेलं नाही, केर काढता काढता आणि दळण दळता दळता मिळालेलं आहे. काम तेच राहिलं, पण काम करणारी आता 'दासी' एवढीच उरली नव्हती.

'भक्तविजया'तली पदकाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. विठ्ठल रात्री जनीकडे आला, पहाटे घाईघाईत निघताना स्वतःचं पदक आणि शेला तिथेच राहिला आणि अंगावर तिची वाकळ घेऊन तो देवळात जाऊन उभा राहिला. पदक नाही म्हटल्यावर पहिला संशय कुणावर? मोलकरणीवर. तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेलं, आणि सुळाचं पाणी झालं. चमत्कार बाजूला ठेवा. घरात काही हरवलं की पहिला संशय धुणंभांडी करणारीवर जातो, हे सातशे वर्षांनंतरही बदललेलं नाही, हे मात्र खरं. आणि देवाच्या अंगावर दासीची गोधडी, दासीच्या घरी देवाचं पदक, हे चित्र ज्याने कुणी रचलं त्याला अद्वैत नीट कळलं होतं. मालक आणि दासी हे वस्त्राचे फरक आहेत, आतला 'मी' एकच, हेच त्याने वाकळीतून सांगितलं.

अशी गोष्ट जगात दुसरीकडेही सापडते. सातव्या शतकात चीनमध्ये हुइनेंग नावाचा एक निरक्षर लाकूडतोड्या होता. ज्ञानाच्या ओढीने तो हुआंगमेईच्या मठात गेला. गुरूंनी त्याला कांडणघरात भात सडायला बसवलं. आठ महिने त्याने तेच केलं. मठातल्या विद्वान शिष्यांना मागे टाकून गुरूंनी आपली वस्त्रं आणि भिक्षापात्र या कांडणाऱ्याला दिलं, आणि झेन परंपरेचा तो सहावा आचार्य झाला. आपल्या जनीसारखीच गोष्ट, नाही का? फरक एवढाच की हुइनेंग कांडणघरातून आसनावर गेला. जनी आसनावर गेली नाही. गोपाळपूरला आजही तिचं म्हणून जातंच दाखवतात.

मला या फरकाचं पूर्वी वाईट वाटायचं. आजही थोडं वाटतं. पण एक गोष्ट आहे. आसन एकाचं असतं, जात्यावर कुणीही बसू शकतं. जनीमागून महाराष्ट्रातल्या असंख्य बायका तिच्या जागी बसल्या आणि मनातलं बोलल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. त्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, सासुरवास आहे. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर आहेत. तेच जातं, तोच खुंटा, आणि 'मी कोण?' या प्रश्नाला मिळालेलं एक नवं, ताठ मानेचं उत्तर. त्या बायकांचा विठ्ठल वेगळा होता म्हणून त्यांना जनीपासून तोडायचं कारण मला दिसत नाही. जिला 'तू कोणी नाहीस' असं सांगितलं गेलं, ती 'मी आहे' म्हणायला शिकली. सुरुवात तिथूनच होते.

आता जातं घराघरातून गेलं. बऱ्याच वाड्यांत ते अंगणात उपडं पडलेलं दिसतं, लग्नात हळदीपुरतं उजळतं. कुणी जातं ओढावं असं मी मुळीच म्हणणार नाही. गिरणी आली त्या दिवशी आत्याने पिठाचा डबा डोक्यावरून उतरवला आणि दोन्ही हात पुढे धरून नुसती बघत बसली होती, ते मला आठवतं. गेलं ते बरंच झालं. पण खुंटा प्रत्येक घरात अजून आहेच, फक्त त्याचं रूप बदललं. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाचं करणं, नळाला पाणी येईल तेव्हा रात्री उठणं, तीन वेळचा स्वयंपाक, ओटा पुसणं. ते रोज कोण ओढतं, एवढं बघा.

माझ्यापुरतं मी आत्मज्ञानाचं मोजमाप आता इथेच लावते. कुणी सांगितलं की मला साक्षात्कार झाला, सगळ्यांत एकच आत्मा दिसतो, तर मी त्याच्या डोळ्यांतलं तेज बघत नाही. त्याच्या घरात त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचं ओझं हलकं झालं का, ते बघते. सगळ्यांत एकच 'मी' आहे हे खरंच कळलेला माणूस दुसऱ्याला एकट्याने दळताना बघू शकणार नाही. आणि जी आजवर एकटीच ओढत आली, तिला साक्षात्कार झाला तर ती पहिल्यांदा मान वर करेल, आणि कदाचित थोडं भांडेलही. जनी तर देवाशी भांडली. त्याला भक्तीत उणेपणा समजू नका.

गंगाखेडला गेलात तर नदीकाठी जनाबाईच्या मंदिरात जरूर जा. बायका तिथे ओटी भरतात, मनातलं काहीबाही बोलतात, आणि परतून कामाला लागतात. त्यांच्यातल्या कुणाला 'तुम्हाला आत्मज्ञान झालं का हो?' असं विचारू नका, त्या हसतील. त्यापेक्षा त्यांच्या हातातली पिशवी जड असली तर एक बंद आपण धरावा.

असो. तुमच्या घरात खुंट्याला किती हात आहेत, हे मात्र एकदा मोजून बघा.